वर्ग घेता घेता स्वतःचा अभ्यास कसा टिकवावा: नव्या योगशिक्षकांसाठी

हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात, पहिल्याच उपदेशात म्हणजे अध्यायात, योग बुडवणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत: अत्याहार, प्रयास, प्रजल्प, नियमाग्रह, जनसंग आणि लौल्य. प्रजल्प म्हणजे फार बोलणं, जनसंग म्हणजे माणसांच्या गराड्यात राहणं. योगशिक्षकाचा उदरनिर्वाह नेमका या दोन गोष्टींवर चालतो. सकाळी सहाच्या बॅचपासून तोंड सुरू होतं, आणि वर्ग सुटला की कुणाचा गुडघा, कुणाची झोप, कुणाची राहिलेली फी. शिक्षक प्रशिक्षणात हा श्लोक पाठ करून घेतात. पण प्रमाणपत्र हातात घेऊन बाहेर पडणाऱ्याला ‘आता तुझं पोट यावरच आहे, सांभाळ’ असं कुणी बजावत नाही.

मग बहुतेकांचं ठरल्यासारखं होतं. कोर्स चालू असताना रोज तास-दीड तास अभ्यास असतो. पहिली बॅच मिळाली की तो पाऊण तासावर येतो. मग एक सोसायटी, एक ऑनलाइन वर्ग, एखादी कंपनी. वर्षभरात स्वतःची मॅट फक्त वर्गातच उलगडली जाते आणि मनाची समजूत घालायला एक वाक्य तयार असतं: ‘वर्गात होतंच की सगळं!’

होत नाही. पंगतीत वाढणाऱ्याचं पोट वाढून भरत नाही, तसंच आहे हे. आपला अभ्यास कसा उभा करायचा आणि धंद्याच्या रेट्यात तो कसा टिकवायचा, हे पुढे क्रमाने दिलं आहे. ज्यांनी नुकतंच शिकवायला सुरुवात केली आहे किंवा पुढच्या काही महिन्यांत करणार आहेत, त्यांच्यासाठी हे आहे. पाच-सात वर्षं शिकवून थकलेल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

पायरी १: वर्गात शरीर नेमकं काय करतं, ते आठवडाभर लिहून काढा

एक वही घ्या. प्रत्येक बॅचनंतर तीन ओळी पुरेत: कोणती आसनं स्वतः करून दाखवली, कोणत्या बाजूने, आणि त्याआधी शरीर तापलेलं होतं का. आठवड्याने वही वाचा. तीन गोष्टी जवळपास प्रत्येकाच्या वहीत सापडतात.

पहिली गोष्ट एका बाजूची. शिक्षक त्रिकोणासन उजवीकडे करून दाखवतो आणि साधक डावीकडे वळले की उठून त्यांच्यात फिरायला लागतो. वक्रासनाचं तेच, अर्धमत्स्येंद्रासनाचं तेच. साधकांच्या दोन्ही बाजू होतात, शिक्षकाची एकच. महिनोन् महिने असं चाललं की कंबरेत एका बाजूला बारीक कुरकुर सुरू होते आणि शिक्षक आपली गादी बदलतो.

दुसरी गोष्ट थंड शरीराची. साधकांचा पूरक व्यायाम चालू असताना तुम्ही हजेरी घेत असता, उशिरा आलेल्याला जागा करून देत असता. आणि मग एकदम खाली वाकून पादहस्तासन दाखवता, तेही नेहमीपेक्षा जास्त खोल, कारण तीस डोळे बघतायत. मांडीचा मागचा स्नायू जिथे बसण्याच्या हाडाला चिकटतो तिथलं दुखणं योगशिक्षकांमध्ये इतकं दिसतं ते उगीच नाही. ते एकदा जडलं की महिने खातं, आणि आणखी ताणून तर मुळीच बरं होत नाही.

तिसरी गोष्ट आकड्यांची. समजा तुमच्या तीन बॅच आहेत आणि प्रत्येकीत तुम्ही १२ सूर्यनमस्कार सोबत घालता. दिवसाला ३६, सहा दिवसांत २१६. बारा स्थितींच्या नमस्कारात पुढे वाकणं दोनदा येतं, म्हणजे आठवड्याला ४३२ वेळा. मनगटांवर भार येतो तो वेगळाच. हा व्यायाम झाला, भरपूर झाला. पण यातल्या एकाही नमस्कारात तुमचा श्वास तुमचा नव्हता, कारण तुम्ही ‘श्वास घेत हात वर’ हे श्वास सोडत म्हणत होता. बोलणं उच्छ्वासावरच होतं. वर्गाला सूचना देत केलेल्या आसनाला स्वतःचा अभ्यास म्हणता येत नाही, याचं याहून साधं कारण मला देता येणार नाही.

पायरी २: वेळ ठरवा, पण खोटी ठरवू नका

‘ब्राह्ममुहूर्तावर उठा’ हा सल्ला ऐकायला छान वाटतो. पहिली बॅच सहाला असेल, घरून साडेपाचला निघायचं असेल आणि संध्याकाळची बॅच संपवून, जेवून, भांडी आवरून झोपायला अकरा वाजत असतील, तर पहाटे साडेतीनचा गजर तीन दिवस टिकतो. चौथ्या दिवशी झोप मोडल्याचा राग वर्गावर निघतो. आपल्याकडे शिकवणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्या सकाळी डबे असतात, शाळेची रिक्षा असते. त्यांना ब्राह्ममुहूर्ताचं कीर्तन ऐकवण्यात अर्थ नाही.

माझ्या मते नव्या शिक्षकाला सगळ्यात सोयीची जागा सकाळच्या बॅच संपल्यावरची आहे, साडेनऊ ते अकराच्या दरम्यान. शरीर मोकळं झालेलं असतं, हॉल रिकामा असतो, घरी जायच्या आधी अर्धा तास काढता येतो. घरी पोचलात की संपलं, तिथे कपडे धुवायचे असतात. अडचण फक्त पोटाची. पूर्ण जेवणानंतर आसनांना तीन ते चार तास जाऊ द्यावे लागतात, हलक्या खाण्यानंतर दीड-दोन तास. म्हणून पहाटे निघताना कोमट पाणी किंवा अर्धा कप चहा, मधे लागलंच तर एखादं केळं किंवा चार भिजवलेले बदाम, आणि पोहे-उपमा अभ्यासानंतर. साधकांनी वर्गानंतर आग्रहाने आणलेला शिरा डब्यात भरून घ्यावा. नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं, खाल्ला तर अभ्यास बुडतो.

संध्याकाळी शिकवणाऱ्यांनी दुपारी चार-साडेचारचा वेळ बघावा. परदेशातल्या मराठी मंडळींचे ऑनलाइन वर्ग घेणाऱ्यांचं घड्याळ आणखी विचित्र असतं. न्यू जर्सीतल्या संध्याकाळच्या बॅचसाठी इथे पहाटे साडेचारला लॅपटॉप उघडावा लागतो. अशांनी वर्गानंतर लगेच, सूर्य वर यायच्या आत स्वतःचं उरकावं, नाहीतर झोपेची डुलकी जिंकते.

कोणतीही वेळ घ्या, पण ती तीन महिने हलवू नका. आणि वेळापत्रकात ती बॅच म्हणूनच लिहा. कुणी ‘मॅडम, दहाला एक पर्सनल घ्याल का?’ विचारलं तर ‘त्या वेळी माझी बॅच असते’ हे उत्तर अगदी खरं आहे.

पायरी ३: किमान अभ्यास किती, ते आधी ठरवा

उत्तम दिवशी दीड तास करता येईल. प्रश्न वाईट दिवसाचा आहे. पाहुणे आलेत, लोकल बंद पडली, मूल तापलंय. अशा दिवशीही जो होईल तो तुमचा किमान अभ्यास. माझ्या मते तो २५ मिनिटांहून मोठा ठेवू नये. योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनी अभ्यास दृढ व्हायला तीन अटी घातल्या आहेत: दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने. ‘रोज दोन तास’ अशी अट त्यात कुठेही नाही.

एक नमुना देते. तुमच्या परंपरेप्रमाणे आसनं बदला, पण क्रम आणि वेळ ढोबळपणे हाच ठेवून बघा.

सुरुवातीला शवासन किंवा मकरासन, ३ मिनिटं. हो, सुरुवातीलाच. दोन तास बोलून आलेल्या माणसाला आधी गप्प व्हावं लागतं. मग पर्वतासन किंवा ताडासन, दोन्ही हात वर, पाच-सहा सावकाश श्वास. त्यानंतर एक पीळ, दोन्ही बाजूंनी, आणि वर्गात जी बाजू कमी होते तिला दुप्पट वेळ. पुढे एक पाठीची कमान, भुजंगासन किंवा सेतुबंधासन, एकदाच पण मिनिटभर थांबून. मग विपरीतकरणी किंवा सर्वांगासन, नाहीतर नुसते भिंतीवर पाय, ५ मिनिटं. शेवटी बसून नाडीशोधन, म्हणजे एकेका नाकपुडीने आलटून पालटून श्वास, कुंभकाशिवाय (श्वास न रोखता), ५ मिनिटं, आणि २ मिनिटं नुसतं बसणं.

यात सूर्यनमस्कार नाहीत हे लक्षात आलं असेल. ते वर्गात पुरेसे झाले.

आसनं निवडताना एक गोष्ट सांभाळा. नवख्यांना शिकवताना आपला संच आपोआप आक्रसतो. आयुष मंत्रालयाचा सामान्य योग अभ्यासक्रम घ्या, जो २१ जूनला देशभर होतो. ४५ मिनिटांचा, सगळ्यांना झेपेल असा, चांगला बांधलेला आहे. पण त्यात सर्वांगासन नाही, शीर्षासन नाही, पश्चिमोत्तानासन नाही, आणि ते योग्यच आहे, मैदानात बसलेल्या पाचशे अनोळखी लोकांना ही आसनं देऊ नयेत. मात्र शिक्षकाने वर्षभर तेवढंच केलं तर जे शिकायला त्याने दोन वर्षं घातली ते शरीर विसरून जातं. म्हणून वर्गात जे देता येत नाही, त्यातलं काहीतरी रोज तुमच्या अभ्यासात असावं. लांब थांबणं, उलट स्थिती, बसून दीर्घ प्राणायाम, मौन. वर्गात वीस सेकंद धरता ते आसन इथे तीन मिनिटं धरून बघा. दुसऱ्या मिनिटाला जे कळतं ते पुस्तकातून सांगता येत नसतं.

पायरी ४: अभ्यासात शिक्षकाला आत येऊ देऊ नका

ही पायरी सगळ्यात अवघड आहे आणि बहुतेक जण इथेच घसरतात. मॅटवर आडवं पडलं की डोक्यात सूचना सुरू होतात: ‘आता उजवा पाय गुडघ्यात दुमडा.’ पाय दुमडला की पुढचा विचार येतो, हे असं सांगितलं तर कदमकाकूंना जमेल. अभ्यास राहतो बाजूला, उद्याच्या तासाची तयारी सुरू. वरवर फार निष्ठावान दिसतं हे, पण तुमच्या त्या पंचवीस मिनिटांत साधकच बसलेले असतात.

उपाय साधे आहेत. मॅटशेजारी वही ठेवा, पण उघडा ती शेवटी. सुचलेली गोष्ट टिकण्यासारखी असेल तर पंधरा मिनिटांनीही आठवते. डोळे शक्य तितके मिटलेले ठेवा, आरशासमोर बसू नका. वर्ग घेता त्याच जागी अभ्यास करत असाल तर निदान तोंड दुसरीकडे करा, साधकांच्या जागेवर जाऊन बसा. हॉल तिथून वेगळा दिसतो, पंखा कुणाच्या अंगावर येतो तेही समजतं.

आणि फोन. अभ्यासाचा व्हिडिओ काढून टाकण्याचा मोह आता प्रत्येकाला आहे. जाहिरात म्हणून त्याचा उपयोग आहे, नाकारत नाही. पण हठप्रदीपिका सांगते की ही विद्या गुप्त ठेवली तर वीर्यवती राहते, उघड केली की निर्वीर्य होते. यातलं गूढ बाजूला ठेवलं तरी रोखठोक अर्थ उरतोच: कॅमेरा लावला की हनुवटी वर जाते, पोट आत जातं, श्वास अडतो आणि आसन दाखवण्यापुरतं उरतं. व्हिडिओ काढायचाच तर आठवड्यातली वेगळी वेळ काढा. ते काम आहे, कामाच्या वेळात करा.

अय्यंगार गुरुजींचं उदाहरण इथे द्यायला हवं. पुण्यात १९७५ साली उभ्या राहिलेल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत ते नव्वदीतही सकाळी मोठ्या हॉलमध्ये स्वतःचा अभ्यास करत, आणि देशोदेशीचे शिक्षक आजूबाजूला आपापला अभ्यास करत असत. मधेच ते कुणाला टोकत, नातीला काही दाखवत, हे खरं. पण आपल्यासारख्यांनी त्यातलं टोकणं उचलू नये, अभ्यासाला रोज हजर राहणं उचलावं. तिथे येणाऱ्या साधकांना वर्गाशिवाय स्वतंत्र सरावाचे तास असतात, ही व्यवस्थाही बघण्यासारखी आहे. आपल्या छोट्या केंद्रातही हे करता येतं. आठवड्यातून एक तास हॉल उघडा ठेवायचा, कुणी कुणाला शिकवायचं नाही, ज्याने त्याने आपापलं करायचं. सुरुवातीला दोन-तीनच माणसं येतात. तेवढी पुरतात.

पायरी ५: वर्गात कमी करून दाखवा

स्वतःच्या अभ्यासासाठी अंगात काही शिल्लक राहायला हवं असेल, तर खर्च वर्गातच कमी करावा लागतो. नव्या शिक्षकाला वाटतं, आपण सोबत केलं नाही तर लोक म्हणतील नुसतं बोलतात. आठवडाभर वाटतं तसं. मग साधकांच्याच लक्षात येतं की शिक्षक फिरत असले की आपल्या खांद्याकडे लक्ष जातं.

नवीन आसन पहिल्यांदा देताना एकदा पूर्ण दाखवा. त्यानंतर शब्दांवर या. सूचनेत क्रियापद आधी ठरवा: दाबा, उचला, वळा, सोडा. एका श्वासात एकच सूचना. ज्या जुन्या साधकाचं आसन नीट आहे त्याला पुढे बोलवा, त्याला आनंद होतो आणि तुमची कंबर वाचते. दाखवायचंच तर साठ टक्के खोलीपर्यंत दाखवा. साधकांना तुमची टोकाची स्थिती बघून काही शिकता येत नाही, उलट तिकडे पोचायच्या नादात ते गुडघे वाकडे करतात. आणि बाजूंचा हिशेब: या आठवड्यात सगळं प्रात्यक्षिक उजवीकडून, पुढच्या आठवड्यात डावीकडून. वहीच्या कोपऱ्यात ‘उ’ किंवा ‘डा’ लिहून ठेवलं की झालं.

कपालभातीबद्दल जरा कडक बोलते. तीन बॅचमध्ये तीनदा, मोठ्याने मोजत, स्वतःही करत राहायचं, हे बंद करा. एकदा दाखवा, मग टाळीने किंवा टिचकीने लय द्या. मोजत मोजत केलेल्या कपालभातीत ना धड रेचक (श्वास बाहेर टाकणं) होतो ना धड मोजणं, आणि संध्याकाळी डोकं जड होतं ते कशामुळे तेही कळत नाही.

आवाजही शरीरातच मोडतो. तीस माणसांच्या हॉलमध्ये, पंखे चालू असताना, ओरडून शिकवू नका. कंबरेला अडकवायचा छोटा स्पीकर आणि डोक्याला लावायचा माइक मिळतो, एका महिन्याच्या फीत बसतो. सारखं खाकरू नका, पाण्याचे घोट घ्या, आणि शवासनात खरोखर गप्प बसा. शवासनात दर दहा सेकंदांनी ‘शरीर शिथिल… आणखी शिथिल…’ म्हणणारे शिक्षक साधकांना झोपू देत नाहीत आणि स्वतःही विसावत नाहीत.

पायरी ६: प्राणायामाला वेगळं आसन द्या

आसनांचा थोडाफार अंश वर्गात मिळतो, प्राणायामाचा मिळतच नाही. दुसऱ्यांचं नाडीशोधन मोजणारा माणूस स्वतः नाडीशोधन करू शकत नाही. म्हणून आसनं एखादे दिवशी सुटली तरी चालेल, प्राणायाम सोडू नका. दहा मिनिटं, जमिनीवर बसून, मांडी दुखत असेल तर खाली घडीची सतरंजी घेऊन. पहिले काही महिने उज्जायी, नाडीशोधन आणि भ्रामरी एवढंच. दिवसभर बोलणाऱ्यांना भ्रामरी फार मानवते, घसा न ताणता नाद होतो आणि त्याच्या मागोमाग येणारी शांतता बराच वेळ टिकते. कुंभकाचं प्रमाण पुस्तकातून किंवा यूट्यूबवरून वाढवू नका, ज्यांच्याकडे शिकलात त्यांना विचारा.

पायरी ७: कुणाचा तरी विद्यार्थी राहा

महाराष्ट्रात राहणाऱ्याला ही सोय मुबलक आहे. सांताक्रूझचं द योग इन्स्टिट्यूट श्री योगेंद्रांनी १९१८ साली सुरू केलं. लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांचं, १९२४ पासूनचं. पुण्यात अय्यंगार संस्था आहे, नाशिकला योग विद्या धाम, नागपूरला जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ, ठाण्याला घंटाळी मित्र मंडळ. शिवाय गावोगावी कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या देवळात चाळीस वर्षं शिकवणारी, नाव नसलेली माणसं आहेत. आठवड्यातून एकदा, नाही जमलं तर महिन्यातून एकदा, दुसऱ्याच्या वर्गात मागच्या रांगेत जाऊन बसा.

तिथे दोन पथ्यं पाळा. आपण शिकवतो हे आपणहून सांगू नका. आणि परतताना ‘त्यांनी वीरभद्रासन चुकीचं शिकवलं’ हा विचार आला तर तो येऊ द्या, पण बोलून दाखवू नका. वेगवेगळ्या परंपरांत पायांतलं अंतर वेगळं असतं, श्वासाचा क्रम वेगळा असतो. पाच मिनिटं त्यांच्या पद्धतीने करून बघितल्याशिवाय चूक-बरोबर ठरवण्याची घाई कशाला? पतंजलींनी सांगितलेल्या नऊ अंतरायांत, म्हणजे योगातल्या अडथळ्यांत, भ्रांतिदर्शन (चुकीची समजूत) आहे. आपल्याला सगळं समजलं असं वाटण्याची पाळी शिक्षकावर साधकापेक्षा लवकर येते.

वाचनही याच पायरीत. फार नको. आठवड्याला एक सूत्र, मूळ आणि एखादं मराठी विवरण. वर्गात सांगण्यासाठी वाचू नका. वाचलेलं महिनाभर तरी वर्गात सांगायचं नाही असं ठरवलं तर वाचनाची तऱ्हाच बदलते.

जूनचा महिना, रथसप्तमी आणि इतर संकटं

वर्षातले काही आठवडे अभ्यास कोलमडणार हे गृहीत धरा. मे महिन्याच्या शेवटापासून २१ जूनपर्यंत शाळा, बँका, सोसायट्या, कंपन्या, सगळीकडून बोलावणी येतात. दिवसाला पाच-पाच ठिकाणी तोच अभ्यासक्रम. रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कारांचे कार्यक्रम असतात आणि त्याआधी दोन आठवडे तालमी. या काळात किमान अभ्यासही अर्धा करा: भिंतीवर पाय, नाडीशोधन, मौन, एवढंच. शरीराला आणखी आसनं द्यायची गरज नसते, त्याला विसावा हवा असतो. तालमींमध्ये १०८ पूर्ण घालणारे चार जण पुढे उभे करा आणि स्वतः मोजणीला बसा.

गणपतीत, दिवाळीत वर्गाला सुट्टी असते आणि गंमत म्हणजे अभ्यास त्याच दिवसांत बुडतो, कारण तो वर्गाला टेकलेला असतो. सुट्टीच्या दिवसांसाठी घरातली एक जागा आधीच ठरवून ठेवा, मॅट पसरता येईल एवढी पुरेल, जिथे पाहुण्यांच्या बॅगा ठेवल्या जाणार नाहीत.

पाळीच्या दिवसांत शिकवणाऱ्या बायकांनी वर्गातलं प्रात्यक्षिक सरळ बंद ठेवावं आणि स्वतःच्या अभ्यासात सुप्तबद्धकोनासन, लोडावर विसावलेली पुढे वाकण्याची आसनं, शवासन ठेवावं. उलट्या स्थिती बहुतेक परंपरांत या दिवसांत टाळतात. साधकांना कारण सांगायची गरज नाही, ‘आज मी फिरून बघणार आहे’ एवढं पुरे.

दुखापत झाली तर वर्ग चालू ठेवता येतो, अभ्यासही चालू राहतो, फक्त दुखऱ्या जागेचा नाही. खांदा गेला तर प्राणायाम वाढवा. सांध्यात सतत दुखणं, मुंग्या, रात्री झोपमोड असेल तर साधकाला जे सांगता तेच स्वतः करा: अस्थिरोगतज्ज्ञाकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा. ‘योगशिक्षक असून डॉक्टरकडे?’ असं विचारणारे भेटतील. भेटू देत.

पायरी ८: बॅच किती घ्यायच्या, याचा आकडा ठरवा

अभ्यास तुटण्याचं खरं कारण आळस क्वचितच असतं, बहुतेक वेळा घरभाडं असतं. महिन्याला अमुक रक्कम लागते, एका बॅचमधून तमुक येते, म्हणून पाच बॅच. हा हिशेब टाळता येत नाही, पण नीट मांडता येतो. स्वतः करत करत शिकवत असाल तर रोज दोन बॅच ही मर्यादा समजा. फिरून, शब्दांनी शिकवायची सवय झाली तर तीन, फार तर चार. पाचवी बॅच घ्यायचा मोह झाला की आधी आहे त्या बॅचची फी बघा. आपल्याकडे शेजारच्या जिमच्या निम्म्या फीत शिकवण्याची आणि वर ‘सेवा आहे’ म्हणण्याची रीत आहे. सेवा करायचीच तर एक वर्ग पूर्ण मोफत घ्या, ठाण्या-नागपुरात अशी मोठी परंपरा आहेच. बाकीच्या वर्गांची फी मात्र पुरेशी लावा. फी वाढवली की चार जण जातात, कुरकुर होते, आणि तुमची एक सकाळ मोकळी होते.

आठवड्यातून एक दिवस अजिबात शिकवू नका. त्या दिवशी लांब अभ्यास करा, हवं तर दुपारी, हवं तर दोन तास, घड्याळ न बघता.

खंड पडल्यावर परत कसं सुरू करायचं

पडणारच आहे. आजारपण, लग्नकार्य, घर बदलणं. तीन आठवडे स्वतःचं काहीच झालं नाही तर चौथ्या आठवड्याच्या सोमवारी दीड तासाचा संकल्प करू नका. पहिले दोन दिवस फक्त शवासन आणि पाच मिनिटं नाडीशोधन, तेही ठरलेल्या वेळेला. तिसऱ्या दिवसापासून ताडासन, एक पीळ, एक कमान. आठवडा पूर्ण झाला की किमान अभ्यास पूर्ववत. सर्वांगासन, शीर्षासन दुसऱ्या आठवड्यात, आधीच्या निम्म्या वेळेपासून, आणि मान जराही ओढली तर भिंतीवर पाय ठेवून तिथेच थांबा. मधल्या काळात वर्ग चालूच असतील आणि तिथे सगळं जमतंय असं वाटेल. त्यावर विसंबून वेळ वाढवू नका, कारण वर्गातली स्थिती वीसेक सेकंदांची असते.